काकाचं लाकूड, बाबांचा खांदा

माझ्या काकाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारा आता फक्त पोस्टमन उरलाय, आणि तोही पाकिटावर लिहिलेलं असतं म्हणून. बाकी सगळे त्याला पॉलिशकाका म्हणतात. लाकूड दिसलं की त्याला घासल्याशिवाय राहवत नाही. आमच्या घरातल्या झाडूचा दांडा, छत्रीची मूठ, आईच्या सगळ्या सुऱ्या, सगळं त्याने घासून, तेल पाजून ठेवलंय. एकदा दवाखान्यात नंबर यायला उशीर झाला, तर पठ्ठ्याने बसल्या बसल्या बाकाची एक कड गुळगुळीत करून टाकली. चार माणसांच्या खिशात रुमाल असतो, काकाच्या खिशात पॉलिश पेपर आणि शिंप्याची मोजपट्टी.

त्याचं काम बंदुकीचे खांद्याला टेकणारे लाकडी दस्ते करायचं. बंदुका ठासणीच्या. म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, घोड्याखाली ठिणगी देणारी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. यात शिकार-बिकार काही नाही. गावाबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण आहे, तिथे हौशी नेमबाजांचा क्लब भरतो. रविवारी सकाळी ही मंडळी कागदावर गोळ्या झाडतात, तोंडं काळी करून घरी जातात आणि बोलणी खातात.

कारखाना दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत काका, अक्रोडाच्या फळ्या आणि पटाश्या. मागच्या खोलीत माझे बाबा आणि लेथ. बाबा काकापेक्षा सहा वर्षांनी मोठे, ते नळ्या करतात. मधल्या दाराशी माझं टेबल. मी पितळेवर नक्षी कोरते, आणि दोन भावांचे निरोप पोचवते. दोघांमध्ये दहा पावलांचं अंतर, पण काका म्हणणार, "दादाला सांग, नळी जरा जड झालीय," आणि मी मान वळवायच्या आत बाबा म्हणणार, "ऐकू आलं म्हणावं." भांडण वगैरे अजिबात नव्हतं. दोघांचा स्वभावच तसा, मनातलं बोलायचं म्हटलं की दातखीळ बसायची.

आमच्याकडे एक नियम होता, नानांपासूनचा. नाना म्हणजे या दोघांचे वडील. जो नळी करतो त्यानेच नव्या बंदुकीच्या पहिल्या पाच गोळ्या स्वतःच्या खांद्यावरून झाडायच्या. टेकूवर ठेवून नाही, कोणाला उसनं बोलावून नाही. पाच भोकांचा तो कागद सही करून गिऱ्हाइकाला द्यायचा. भरायचं काम धाकट्याचं, झाडायचं थोरल्याचं. हे इतकं अंगवळणी पडलेलं की काका कधी झाडत का नाही, हा प्रश्न मला तिशी ओलांडेपर्यंत पडला नाही. त्याला लाकडाचं वेड, बाबांना नेमाचं, एवढंच मी धरून चालले होते.

नानांची दुसरी देणगी म्हणजे भिंतीवरची फळी. तिच्यावर दस्त्याचा आकार कापलेला होता. काका प्रत्येक दस्ता त्या फळीवरून आखायचा. आकार देखणा होता, खोटं कशाला बोलू. घोड्यापासून दस्ता जो खाली उतरायचा तो एकदम झोकात, आणि बुडाला पितळेची पट्टी, चंद्रकोरीसारखी आत वळलेली, दोन्ही टोकं अणकुचीदार. त्या कोरीवर मी वेलबुट्टी काढायचे. लोक दुकानात येऊन नुसता हात फिरवायचे. काका अशा वेळी खाली मान घालून काहीतरी शोधल्यासारखं करायचा, इतका खूश व्हायचा.

नानांच्या काळात नळ्या बारीक होत्या. करंगळी जेमतेम आत जाईल, दारूही चिमूटभर. गेल्या पंधरा वर्षांत क्लबात मोठ्या तोंडाच्या बंदुकांची हौस आली. अंगठा सहज आत जाईल अशी नळी, लिंबाएवढी वाटावी अशी गोळी, दारू तिप्पट. बाबांनी नळ्या मोठ्या केल्या. काकाने दस्त्यात नळीसाठीची खाच मोठी केली. बाकीचा दस्ता तोच, फळीवरचा. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण फळी नानांची होती.

मग बाबांचे कागद बिघडायला लागले. पूर्वी पाचही भोकं पेल्याखाली झाकली जायची, आता ताट ठेवलं तरी एखादं बाहेर. काकाने माझ्यामार्फत कळवलं, "नळी बघ म्हणावं." बाबांनी नळी पाहिली, पुन्हा घासली, एक तर सरळ भंगारात टाकून नवी केली. कागद तसाच. बाबा गप्प व्हायला लागले. शनिवारी त्यांना जेवण जाईना. आई म्हणायची, वय झालं. बाबा म्हणायचे, डोळे गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत. घरात अळीमिळी गुपचिळी.

त्या रविवारी दातांच्या डॉक्टरांची बंदूक होती. हे डॉक्टर आमचे जुने गिऱ्हाईक, शांत माणूस, दुसऱ्याचं तोंड उघडं असताना बोलायची सवय असल्यामुळे उत्तराची वाट न पाहणारे. काका बंदूक भरत होता आणि डॉक्टरांना त्या अक्रोडाच्या रेषा समजावत होता. ही रेषा मुळाजवळची, ही फांदीच्या बेचक्यातली. बोलण्याच्या नादात त्याने चिंधी घेतली, गोळी घेतली, गजाने मस्त ठासली, टोपी बसवली आणि बंदूक बाबांच्या हातात दिली. दारू घालायची राहिली. ठासणीची बंदूक भरणाऱ्या प्रत्येकाच्या हातून ही चूक आयुष्यात एकदा तरी होते, आणि झाली की क्लब वर्षभर हसतो.

त्या दिवशी कोणी हसलं नाही. बाबांनी नेम धरला, चाप ओढला. टोपी टक्कन वाजली. बार नाही, धूर नाही, धक्का नाही. त्यामुळे एरवी धुराआड झाकलं जायचं ते सगळ्यांना दिसलं. बाबांचे डोळे घट्ट मिटलेले होते, मान खांद्यात गेली होती आणि बंदुकीचं तोंड वीतभर खाली आलं होतं. माझे बाबा, क्लबातले सगळ्यात जुने नेमबाज, नुसत्या टोपीच्या आवाजाला दचकले होते.

त्यांनी डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं आणि बंदूक हळूच बाकावर ठेवली. "मी आता झाडत नाही," ते म्हणाले, आणि चालत घरी गेले. तीन मैल.

ती गोळी उपसून काढायला अर्धा तास लागला. काका गज फिरवत राहिला. डॉक्टरच म्हणाले, "यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या खुर्चीत रोज बघतो मी. एकदा दुखलेलं असलं की सुई टोचायच्या आधीच माणूस उडतो. डोकं विसरतं, अंग नाही विसरत."

काका थांबला. "दुखलेलं असलं की?"

"हो. उगाच कोण उडेल?"

सोमवारी बाबा कारखान्यात आले नाहीत. मंगळवारीही नाही. बुधवारी त्यांनी आईजवळ सांगितलं की लेथ विकून टाकू. नळी करणाऱ्याने पहिली गोळी झाडायची. ते जमत नसेल तर त्याने नळी करू नये. यात त्यांच्या लेखी चर्चेला जागा नव्हती. चाळीसहून जास्त वर्षं जे केलं ते एका टक् आवाजाने संपलं होतं, आणि स्वतःला भित्रा समजून ते खिडकीशी बसले होते. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, पण कोणावर ते ठरत नव्हतं.

गुरुवारी दुपारी काका घरी आला. न सांगता, चपलांसकट. बाबा नुसत्या बनियनवर बसले होते, आई त्यांच्या खांद्याला मलम चोळत होती. बाबांनी झटकन टॉवेल ओढला. काकाने तो तितक्याच झटकन काढून घेतला. लहान भावाने असं काही केलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

खांद्याच्या खोबणीत एक काळानिळा डाग होता, आणि दंडाकडे आणखी एक. जुने पिवळे पडलेले, त्यांच्यावर नवे. गालाच्या हाडावरही सूज होती. ती मी रोज पाहत होते आणि दाढदुखी समजत होते.

काकाने खिशातून मोजपट्टी काढली आणि बाबांच्या डागांमधलं अंतर मोजलं. आई आ वासून बघत राहिली. "पाच इंच," तो म्हणाला. मग पुन्हा मोजलं. ते चंद्रकोरीच्या दोन टोकांमधलं अंतर होतं. आमच्या कारखान्यात ते त्याच्याइतकं कोणाला पाठ असणार?

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"दादा."

"पोरीसमोर विषय नको," बाबा म्हणाले. काका उठला आणि निघून गेला. दारातून मला म्हणाला, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. चल, फळी उतरवायचीय."

पुढचे नऊ दिवस काकाने जे केलं त्याला मी आधी वेड म्हटलं. त्याने साध्या देवदाराचा एक दस्ता केला, तीन तुकड्यांचा, स्क्रूने वरखाली, मागेपुढे होणारा. तो नळी आणि घोड्यासकट घेऊन तो आमच्या घरी आला आणि बाबांच्या हातात दिला. "डोळे मीट. खांद्याला लाव. मान हलवायची नाही. आता उघड. माशी दिसते?"

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी. बाबा म्हणाले, "घोड्याचं बूड दिसतंय."

"मग इतकी वर्षं काय करत होतास?"

"मान वर काढत होतो."

काका कपाळाला हात लावून खाली बसला. नानांची मान लांब होती, खांदे उतरते. दस्ता त्यांच्या अंगाचा. बाबांची मान आखूड, खांदे कपाटासारखे. माशी दिसावी म्हणून ते मान ताणायचे, त्यामुळे गाल लाकडावर टेकायचाच नाही. बार झाला की उतरत्या दस्त्यामुळे बंदूक वर उसळायची आणि अधांतरी गालावर येऊन आदळायची. खाली कोरीची दोन टोकं खांद्यात घुसायची. बारीक नळीला हे चालून गेलं. लिंबाएवढ्या गोळीला कसं चालेल? आणि मापाच्या वेळी काका सगळ्यांना विचारायचा, "बसला ना छान?" तेव्हा बाबांसकट सगळे मान दस्त्याला जुळवून म्हणायचे, छान बसला.

डॉक्टरांच्या बंदुकीला नवा दस्ता झाला तो सरळ, बुडाकडे जरासाच उतरलेला. बंदुकीने वर उसळण्यापेक्षा नीट मागे यावं म्हणून. गाल टेकायची कड उंच, पण पुढच्या बाजूला किंचित उतरती. "धक्का बसला की लाकूड मागे येतं," काकाने मला टेबलावर पेन्सिल सरकवून दाखवलं, "मग गालाखाली उतरता भाग यायला हवा, चढता नको." लांबी दोन बोटं जास्त, नाहीतर अंगठ्याचं हाड नाकावर बसतं. पूर्ण दस्ता उजवीकडे थोडासा झुकवलेला, रुंद खांद्यासाठी. आणि बूड रुंद, सपाट, तळहाताएवढं. चंद्रकोर नाही.

"माझी नक्षी कुठे काढू?" मी विचारलं.

"काढू नकोस," तो म्हणाला. मला राग आला, पण त्याचं तोंड बघून कोरणी खाली ठेवली.

काकू दुकानात डोकावली, दस्त्याकडे पाहून म्हणाली, "अगं बाई, म्हैस."

"म्हैसच," काका म्हणाला. "बस म्हटलं की बसेल." आणि तो त्या म्हशीला तेल पाजायला लागला.

बाबांना खाणीवर न्यायला डॉक्टरांना यावं लागलं. बंदूक माझी आहे, दस्ता माझ्या मापाचा नंतर करा, पण कागद मला हवाय आणि नियम तुमचा आहे, एवढं म्हणून त्यांनी गाडीचं दार उघडून धरलं. रविवारच्या गर्दीत नको म्हणून आम्ही बुधवारी सकाळी गेलो. खाणीत आम्ही चौघेच.

काकाने बंदूक भरली. यावेळी दारू बाबांना दाखवून ओतली, आधी अर्धं माप. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी दस्ता खांद्याला लावला, तो जिथे बसायला हवा तिथे बसला, आणि माशी समोर आलेली पाहून ते जरा चमकलेच. चाप ओढताना मात्र डोळे मिटलेच त्यांनी. बार झाला, धूर झाला. ते तसेच उभे राहिले, काहीतरी व्हायचं बाकी असल्यासारखे.

"हं?" काका म्हणाला.

"पूर्ण भर," बाबा म्हणाले.

पुढच्या चार पूर्ण दारूच्या. पहिलीला मान खांद्यात गेली. दुसरीला कमी. तिसरीनंतर त्यांनी गालावरून हात फिरवला आणि हाताकडे पाहिलं. चौथीला डोळे उघडे होते, मी बाजूने नीट पाहिलं. अर्ध्या मापाची काही मोजायची नव्हती, पण या चारांपैकी शेवटची तीन भोकं एका पेल्याखाली झाकली गेली असती. बाबा कागदाकडे बघत बसून राहिले. मग सहज म्हणाले, टोमणा म्हणून नाही, "एवढं साधं होतं तर आधी कसं सुचलं नाही रे तुला?"

काकाला काहीही सांगता आलं असतं. फळीचं नाव पुढे करता आलं असतं. तो गज पुसत होता, पुसतच राहिला.

"सुचायला झाडावी लागते, दादा. मी झाडतच नाही. तू लेथ शिकायला बाहेर होतास तेव्हा नानांनी एकदा माझ्या हातात दिली होती. चौदा वर्षांचा होतो. ओठ फाटला. ते हसले, म्हणाले, तू आपलं लाकूडच कर. तेव्हापासून एकदाही नाही. दणका कसा असतो ते मला ठाऊक होतं. तू झाडायचास म्हणून मला झाडावी लागत नव्हती. चव्वेचाळीस वर्षं मी तुझ्या खांद्यावर बंदूक ठेवली."

डॉक्टर उठून उगाचच गाडीकडे गेले.

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"ओठ फाटल्याचं. आईने सांगितलं होतं. तू आठ दिवस कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतंस. मग एक दिवस येऊन दस्ता करायला बसलास." बाबांनी दस्त्यावरून हात फिरवला. "दस्ता टोचतो म्हटलं असतं तर तू लाकूडही सोडलं असतंस. मग काय केलं असतंस तू?"

"दुखत नव्हतं तुला?"

"दुखायचं. पण लाकूड फार सुंदर करायचास रे."

काका खाली वाकून गजाच्या टोकाला काही लागलंय का ते पाहायला लागला. बाबा उठले. दारूचं माप त्यांनी स्वतः घेतलं, ओतलं, चिंधी, गोळी, गज. जन्मात पहिल्यांदा थोरल्याने धाकट्यासाठी बंदूक भरली. "पाचवी तू झाड," ते म्हणाले.

"नियम—"

"नियम मला नको सांगूस."

अठ्ठावन्न वर्षांच्या काकाने बंदूक उचलली तेव्हा तिचं तोंड भूकंप झाल्यासारखं हलत होतं. दस्ता त्याच्या मापाचा नव्हता, बाबांच्या मापाचा होता. त्याला तो जरा लांबच पडत होता. बाबा त्याच्या पाठीशी जाऊन उभे राहिले, दोन्ही तळहात त्याच्या पाठीवर टेकवून. चौदाव्या वर्षी कोणीतरी असं उभं राहायला हवं होतं. बार झाला. खाणीच्या भिंतींवरून आवाज फिरून आला आणि धुरात दोघेही दिसेनासे झाले.

धुरातून बाबांचा आवाज आला. "दुखलं का रे?"

आमच्या घरात हा प्रश्न कोणी कोणाला कधी विचारला नव्हता. काका नाही म्हणाला, मग बाकावर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. बाबांनी त्याच्या मांडीवरची बंदूक काढून घेतली आणि त्याच्या शेजारी बसले.

कागद मी आणला. पाचवं भोक वरच्या कोपऱ्यात होतं, कागदाच्या कडेला लागून. बाबांनी खाली सही केली आणि पेन काकाकडे दिलं. डॉक्टरांनी दोन्ही सह्या पाहिल्या, कोपऱ्यातलं भोक पाहिलं, आणि दवाखान्यात खुर्चीसमोर लावायला तो कागद घेऊन गेले.